‘वाटेल तो’ म्हणजे कोणाला वाटेल तो?

आपल्या घरांत रोज कानांवर पडणारीं दोन वाक्यें घ्या. परीक्षेंत यश मिळवून आलेल्या मुलीला आई म्हणते, “आज तुला वाटेल तें माग.” तीच आई घटकाभरानें धाकट्या मुलाला दटावते, “पाहुण्यांच्या देखत वाटेल तें बोलूं नकोस.” शब्द तेच, परंतु पहिल्या वाक्यांत ते वरदानासारखे येतात आणि दुसऱ्यांत दोषारोप होऊन बसतात. पहिल्यांत मुलीच्या इच्छेला मान आहे, दुसऱ्यांत मुलाच्या अविचाराला चपराक आहे. एकाच शब्दजोडीच्या पोटीं हे दोन विरुद्ध भाव कसे नांदतात, याचा विचार आपण बोलतांना करीत नाहीं. आणि तशी गरजहि पडत नाहीं, कारण बोलणाराचा सूर व चेहरा पाहून ऐकणारा अर्थ लावून घेतो. परंतु सूर आणि चेहरा कागदावर उतरत नाहींत. पत्रांत, करारांत, नियमांत व भाषांतरांत एकटे शब्दच उरतात, आणि मग ‘कोणीहि’, ‘कोणताहि’, ‘वाटेल तो’ या साध्या शब्दांनीं दिलेली मोकळीक नक्की कोणाला दिलेली आहे, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचा फार बारकाईनें निवाडा करणारी एक भाषा म्हणजे रशियन. आपण जेथें एकाच शब्दावर भागवितों, तेथें त्या भाषेनें चार-पांच निरनिराळीं सर्वनामें घडविलीं आहेत. त्यांचा परिचय करून घेतला असतां रशियन भाषेची ओळख तर होतेच, पण आपल्याच बोलण्यांतील झांकलेला एक कोपराहि उजेडांत येतो. म्हणून या खेपेस या सदरांत हा विषय घेतला आहे. रशियन शब्द येथें नागरींत शक्य तितके जवळचे लिहिले आहेत.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. रशियन ही आपल्याला वाटते तितकी परकी नाहीं. तिच्यांत भावाला ‘ब्रात्’ म्हणतात, दोन-तीन या संख्यांना ‘द्वा’, ‘त्री’ म्हणतात, आणि घराला ‘दोम्’ म्हणतात. वेदांत घर या अर्थीं येणारा ‘दम’ शब्द ज्यांनीं पाहिला असेल त्यांना या शब्दाचें नातें तत्काळ ओळखूं येईल. ‘कोण’ या अर्थाचा रशियन शब्द ‘क्तो’. त्यांतील पहिला ‘क’ हा संस्कृत ‘कः’ मधलाच, आणि मागचा ‘तो’ हा ‘तत्’ या दर्शक सर्वनामाच्या कुळांतला. ‘काय’ या अर्थीं ‘श्तो’ असा शब्द आहे. या ‘क्तो’ व ‘श्तो’ यांना मागेंपुढें निरनिराळे तुकडे जोडून रशियन भाषा आपलीं अनिश्चित सर्वनामें बनविते. आपणहि ‘कोण’ला ‘ही’, ‘तरी’, ‘एक’ असे तुकडे जोडूनच तीं बनवितों. रीत एक, हिशेब मात्र निराळा.

आतां असें समजा कीं, दाराची कडी वाजली आणि बाहेर जाऊन आलेल्या मुलानें सांगितलें, “कोणी तरी आलें होतें.” रशियन मूल येथें ‘क्तो-तो’ म्हणेल, म्हणजे मनुष्य खरोखर आला होता, पण तो कोण हें मला ठाऊक नाहीं. आई आंतून विचारते, “कोणी आलें होतें का?” तेथें ‘क्तो-निबुद्’ हा शब्द येतो, कारण कोणी आलें कीं नाहीं हेंच मुळीं ठरलेलें नाहीं. आणि मोठी बहीण गालांतल्या गालांत हंसत म्हणाली, “आला होता कोणी एक,” तर तिच्या तोंडीं ‘कोये-क्तो’ शोभेल. म्हणजे कोण तें मी जाणतें, पण सांगणार नाहीं. अज्ञात, अनिश्चित आणि गुपित या तीन अवस्थांना तीन शब्द आहेत. या तुकड्यांना मूळ शब्दाशीं लहान रेघेनें जोडावें लागतें, आणि तो नियम रशियन शाळांतील मुलें आपल्याकडील पाढ्यांप्रमाणें घोकून पाठ करतात. परदेशी विद्यार्थ्यांची मात्र ‘तो’ आणि ‘निबुद्’ यांतला भेद अंगवळणीं पडेपर्यंत वर्षें जातात.

येथपर्यंत निवडीचा प्रश्न आलेला नाहीं. तो टेबलावर सफरचंदांची टोपली आली म्हणजे येतो. यजमानीण पाहुण्याला म्हणते, यांतलें ‘ल्युबोये’ घ्या. ‘ल्युबोय’ हा शब्द लिंगाप्रमाणें बदलतो, आणि सफरचंद रशियन भाषेंत नपुंसकलिंगी असल्यानें येथें ‘ल्युबोये’ झाला. याचा अर्थ असा कीं, तुम्ही ज्याला हात लावाल तें तुमचें. एकालाहि मी ‘हें नको’ म्हणणार नाहीं. याच ठिकाणीं तिनें ‘काकोये-निबुद्’ म्हटलें असतें, तर अर्थ झाला असता, “एखादें तरी घ्या हो!” पहिल्या वाक्यांत निवडीची हमी आहे, दुसऱ्यांत घेण्याचा आग्रह आहे. पहिल्यांत पाहुण्याच्या पसंतीला अधिकार मिळाला. दुसऱ्यांत कोणतें घेतलें याच्याशीं बोलणारीला कर्तव्यच नाहीं.

या ‘ल्युबोय’ शब्दाचें कूळ मोठें गोड आहे. रशियन भाषेंत प्रेमाला ‘ल्युबोव्’ म्हणतात, आणि त्याच धातूपासून ‘ल्युबोय’ निघाला. म्हणजे मुळांत ‘ल्युबोय’ म्हणजे आवडता, मनाला भावलेला. हा धातु म्हणजे आपला ‘लुभ्’. संस्कृतांत लोभ आणि लुब्ध हे शब्द हांवेकडे झुकले. परंतु मराठी माणूस पत्राच्या शेवटीं ‘लोभ असावा’ असें लिहितो तेव्हां त्या शब्दाचा जुना प्रेमळ अर्थ अजून जागा असल्याचें दिसतें. लॅटिन भाषेंतहि हाच धातु ‘लिबेट’ म्हणजे ‘आवडतें, रुचतें’ या रूपानें राहिला, आणि ‘क्वि’ म्हणजे ‘जो’ या शब्दाला जोडून रोमन लोकांनीं ‘क्विलिबेट’ म्हणजे ‘वाटेल तो’ असें सर्वनाम बनविलें. त्यांचा दुसरा शब्द ‘क्विव्हिस’. त्यांतील ‘व्हिस’ म्हणजे ‘तुला पाहिजे’. आपला ‘पाहिजे तो’ आणि रोमचा ‘क्विव्हिस’ एकाच कल्पनेवर उभे आहेत. संस्कृतांतील यथेष्ट, यथेच्छ, यथारुचि हे शब्दहि इष्ट, इच्छा, रुचि यांवरच बांधलेले आहेत. एकमेकांपासून इतक्या दूर गेलेल्या भाषांनीं ‘कोणताहि’ हें सांगावयाला आवडीचाच आधार घ्यावा, हा योगायोग नव्हे. मोकळी निवड म्हणजे ज्याच्या मनाला कांहीं तरी आवडूं शकतें असा कोणी तरी निवडणारा, हें मानवी बुद्धीनें व्याकरणाच्याहि आधीं ओळखलेलें होतें.

रशियन भाषेंतील दुसरा मोठा शब्द ‘उगोद्नो’. याचा सरळ अर्थ ‘पसंत आहे, मर्जीस येतें’. दुकानदार गिऱ्हाइकाला किंवा नोकर मालकाला अदबीनें विचारी, “आपल्याला काय ‘उगोद्नो’ आहे?” चहा विचारतांनाहि ‘उगोद्नो’ची योजना होते. आपल्याकडील ‘मर्जी’ शब्दांत जो दरबारी वास आहे तोच यालाहि आहे. मूळ कल्पना श्रेष्ठाला संतोष देण्याची; म्हणून संतांना ‘उगोद्निक’ म्हणजे देवाला संतुष्ट करणारा असें म्हणतात, आणि निकोलाय या लोकप्रिय संताच्या नांवापुढें हीच पदवी लागते. जुन्या रशियांत रुग्णालयें व अनाथाश्रम यांना ‘देवाच्या मर्जीच्या संस्था’ अशा अर्थाचें नांव होतें. गोगोलच्या १८३६ सालच्या ‘रेव्हिजोर’ या नाटकांत अशा संस्थांचा एक अधिकारी आहे. तेथें देवाची मर्जी राहो, रोग्यांकडे पाहण्याची मर्जीहि कोणाला झालेली नाहीं, हा त्यांतला विनोदाचा आणि संतापाचा भाग.

या ‘उगोद्नो’ला ‘क्तो’ जोडला कीं ‘क्तो उगोद्नो’, म्हणजे वाटेल तो माणूस. ‘श्तो उगोद्नो’, म्हणजे वाटेल ती वस्तु. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ या नाटकाला ‘तुम्हांला वाटेल तें’ अशा अर्थाचें दुसरें एक नांव आहे. रशियन भाषांतरांत तें ‘श्तो उगोद्नो’ असें येतें. ‘ल्युबोय’ आणि ‘क्तो उगोद्नो’ पुष्कळदां एकमेकांच्या जागीं चालतात; पण ‘ल्युबोय’ बहुधा समोर मांडलेल्या वस्तूंतून निवड करावयाला सांगतो, आणि ‘उगोद्नो’ सगळी कुंपणें मोडून टाकतो. त्यामुळें चिडून, हट्टानें किंवा अतिशयोक्तीनें बोलतांना ‘उगोद्नो’ अधिक सहज येतो.

आतां व्याकरणाची गंमत पाहा. “तुम्हांला उगोद्नो आहे” या वाक्यांत ‘तुम्हांला’ हें चतुर्थीचें पद असतें. मर्जी कोणाची, तें त्यावरून कळतें. परंतु ‘क्तो उगोद्नो’ हें सर्वनाम बनतांना तें चतुर्थीचें पद गळून पडलें. ‘उगोद्नो’ गोठला, त्याला आतां कांहीं विकार होत नाहीं. विभक्ति लागते ती एकट्या ‘क्तो’ला: वाटेल त्याला, वाटेल त्याच्याशीं, वाटेल त्याच्याविषयीं. मराठींतहि नेमकें हेंच घडलें आहे. ‘तुला वाटेल तो’ यांतील ‘तुला’ गळाला, ‘वाटेल’ हें क्रियापद जागच्या जागीं थिजलें, आणि प्रत्यय ‘तो’ला लागूं लागले. दोन्ही भाषांनीं निवडणाराला वाक्याबाहेर काढला आणि त्याची निवड तेवढी आंत ठेवून घेतली. आपल्या आरंभीच्या दोन वाक्यांतला विरोध येथूनच निघतो. ‘तुला वाटेल तें माग’ यांत ‘तुला’ शिल्लक आहे, म्हणून तें वरदान. ‘वाटेल तें बोलूं नकोस’ यांत तो नाहीं, म्हणून तेथें कोणाचीच पसंती दिसत नाहीं, नुसता भरकटलेपणा दिसतो.

मराठीनें हे दोन्ही अर्थ एकाच शब्दांत राहूं दिले. रशियन भाषेनें दुसऱ्या अर्थाला स्वतंत्र शब्द दिला. तो ‘क्तो पोपालो’. ‘पोपालो’ हें भूतकाळचें रूप असून त्याचा अर्थ ‘येऊन पडलें, सांपडलें’. ‘श्तो पोपालो’ म्हणजे हातीं लागेल तें, मिळेल तें. येथें आवड नाहीं, मर्जी नाहीं. केवळ योगायोग आहे, आणि निवड करावयाची असतांना ती न केल्याचा ठपका आहे. मूल बाहेर ‘श्तो पोपालो’ खातें, असें रशियन आई कपाळाला आंठ्या घालून म्हणते. ‘उगोद्नो’ हा इच्छेचा शब्द, ‘पोपालो’ हा यदृच्छेचा. याच जातीचा आणखी एक वाक्प्रचार आहे, ‘कोमु ने लेन्’. म्हणजे ‘ज्याला आळस नाहीं तो’. ज्याला आळस नाहीं तो प्रत्येक जण मला सल्ला देतो, असें रशियन माणूस वैतागून म्हणतो. आपण म्हणतों, “जो उठतो तो सल्ला देतो.” उठण्यापुरता आळस ज्यानें टाकला त्याला सल्ला देण्याचा अधिकार आला, ही थट्टा दोन्ही भाषांना सारखीच सुचली.

राहिला ‘निबुद्’. त्यांतील ‘बुद्’ हें असणें या अर्थाच्या क्रियापदाचें आज्ञार्थी रूप. संस्कृत ‘भू’ धातूचा तो सख्खा भाऊबंद. ‘नी’ हा मुळांत नकारदर्शक अव्यय. ‘क्तो-निबुद्’ याची फोड केली तर ‘कोणी कां असेना’ असा अक्षरशः मराठी अर्थ निघतो. आपल्या ‘असेना’ मध्येंहि नकाराचा ‘ना’ दिसतो, आणि अर्थ मात्र नकाराचा मुळींच नसतो. “कोणी कां येईना, दार उघडूं नको,” असें आपण मुलांना सांगतों; रशियन आईहि ‘क्तो बी नी’ अशी रचना करून, तोच नकार मध्यें घालून, तेंच सांगते. सर्व शक्यता मान्य करावयाच्या आणि त्यांपैकीं कशालाहि महत्त्व द्यावयाचें नाहीं, या भावाला दोन्ही भाषांनीं नकाराचें पांघरूण घातलें आहे.

या सर्व शब्दांना एक मर्यादा आहे, आणि तत्त्वज्ञांचें लक्ष तिच्याकडे विशेष गेलें. ‘कोणीहि विद्यार्थी हें गणित सोडवील’ हें वाक्य ठीक. ‘कोणीहि विद्यार्थ्यानें हें गणित सोडविलें’ हें कानाला खटकतें. रशियन भाषेंतहि ‘ल्युबोय’ पहिल्या ठिकाणीं शोभतो, दुसऱ्या ठिकाणीं शोभत नाहीं. तेथें ‘काझ्दी’ म्हणजे ‘प्रत्येक’ हा शब्द घालावा लागतो. झेनो व्हेंडलर या तत्त्वज्ञानें १९६२ सालीं इंग्रजी भाषेंतील अशाच शब्दांचा विचार करतांना सफरचंदांच्या टोपलीचा दृष्टांत घेतला होता आणि निवडीचें स्वातंत्र्य हा त्यांतील एका शब्दाचा गाभा म्हणून सांगितला होता. पुढें मार्टिन हास्पेलमाथ या जर्मन भाषाशास्त्रज्ञानें १९९७ सालच्या आपल्या ग्रंथांत ४० भाषांचीं अनिश्चित सर्वनामें तपासून त्यांचे नऊ उपयोग एका नकाशांत मांडले. मोकळी निवड हा त्यांपैकीं एक, आणि रशियन भाषा ही त्या विवेचनांतील ठळक साक्षीदार. या पंडितांच्या खटपटीचें सार एका घरगुती वाक्यांत सांगतां येईल: मोकळी निवड परवानगींत, सामर्थ्यांत आणि भविष्यांत राहते, गोष्ट एकदां घडून गेली कीं टोपलींत निवडावयाला कांहीं उरत नाहीं. म्हणून परवानगी देणारा शब्द घडलेल्या गोष्टीच्या वर्णनांत परका वाटतो. ‘पोपालो’ मात्र भूतकाळांत बिनदिक्कत वावरतो. कारण त्याच्या पोटांत निवड नाहींच, नुसतें पडणें आहे.

येथवर भाषेची शोभा पाहिली. आतां ज्या ठिकाणीं हा भेद माणसांच्या आयुष्याला जाऊन भिडतो तें पाहूं. ‘आमचे आजोबा कोणाच्याहि घरीं जेवत नाहींत.’ या वाक्याचा अर्थ काय? ते परक्याच्या घरचें अन्न मुळींच घेत नाहींत, कीं ते पाहून-सवरून निवडक ठिकाणींच जेवतात? मराठींत दोन्ही अर्थ होतात, आणि निकाल ‘हि’ वरच्या आघातावर लागतो. रशियन भाषेंत असा घोटाळा होत नाहीं. पहिल्या अर्थीं ‘निक्तो’ म्हणजे ‘कोणीहि नाहीं’ या सर्वनामाचें रूप येतें, आणि क्रियापदालाहि पुन्हा नकार लागतो; दोन नकार मिळून होकार होत नाहीं, नकार अधिकच पक्का होतो. दुसऱ्या अर्थीं ‘क्तो पोपालो’चें रूप येतें: भेटेल त्याच्या घरीं ते जेवत नाहींत.

हीच गोष्ट मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत घ्या. रशियन मुलगी हट्टाला पेटून म्हणते, “क्तो उगोद्नोशीं लग्न करीन, पण त्याच्याशीं करणार नाहीं.” तिच्या तोंडीं इच्छेचा शब्द आहे, तिची मर्जी कोठें आहे हें जरी त्यावरून कळलें नाहीं, तरी कोठें नाहीं तें स्वच्छ कळतें. काळजीनें ग्रासलेले नातेवाईक म्हणतात, “क्तो-निबुद्ला देऊन टाका”. यांत मुलीची मर्जीहि नाहीं आणि वराची पारखहि नाहीं, केवळ ओझें उतरविण्याची घाई आहे. बाप म्हणतो, “क्तो पोपालोला मी माझी मुलगी देणार नाहीं”. यांत वात्सल्य आहे, परंतु निवडीची दोरी त्यानें स्वतःच्या हातीं ठेवली आहे. आणि मुलगी अखेर म्हणते, “निक्तोशींहि करणार नाहीं.” बापाच्या वाक्याचा आणि या शेवटच्या वाक्याचा मराठी अनुवाद पाहा: ‘मी तिला कोणालाहि देणार नाहीं’, ‘मी कोणाशींहि करणार नाहीं’. वात्सल्य आणि वैराग्य दोन्ही एकाच ‘कोणीहि’च्या आड जाऊन उभीं राहिलीं! सोव्हिएत काळांत मॉस्कोहून मराठींत छापून येणारीं पुस्तकें पुष्कळांनीं लहानपणीं आवडीनें वाचलीं असतील. तीं भाषांतरित करणारांना अशा प्रत्येक ठिकाणीं थांबून, येथें दोरी कोणाच्या हातीं आहे, हें ठरवावें लागलें असणार.

कायद्याच्या भाषेंत हा विवेक अधिकच लागतो. १२ डिसेंबर १९९३ रोजीं लोकमतानें स्वीकारलेल्या रशियाच्या राज्यघटनेंत हक्क सांगतांना ‘काझ्दी’ म्हणजे ‘प्रत्येक’ हा शब्द पुनःपुन्हा येतो, आणि मनाई सांगतांना ‘निक्तो’ येतो. तिच्या २६ व्या कलमांत मातृभाषा वापरण्याचा, तसेंच संभाषण, संगोपन, शिक्षण व निर्मिती यांकरितां भाषेची मुक्त निवड करण्याचा हक्क ‘काझ्दी’ला दिला आहे. निवडीचाच हक्क द्यावयाचा, तर ‘ल्युबोय’ कां नाहीं, असें कोणी विचारील. ‘ल्युबोय माणूस’ म्हणजे टोपलींतून हाताला येईल तो. त्याला निवडणारा दुसराच कोणी असतो. ‘काझ्दी’ म्हणजे एकेक करून सारे, कोणालाहि न वगळतां. हक्क ज्याचा त्यानें निवडावयाचें असेल, तर तो स्वतः कोणाच्या टोपलींतलें फळ असतां कामा नये. कागदावरचा हक्क प्रत्यक्षांत किती उतरतो हा निराळा प्रश्न. परंतु शब्द नेमका असला म्हणजे हक्क मागणाराच्या पायांखालीं निदान घट्ट जमीन असते.

उलट, जेथें शब्द मोकळीक दाखवितो पण मोकळीक कोणालाच नसते, असेंहि एक उदाहरण त्याच भाषेंत आहे. ‘ल्युबोय त्सेनोय’ म्हणजे वाटेल ती किंमत देऊन. युद्धाच्या बोलण्यांत हा वाक्प्रचार वारंवार येतो; वाटेल ती किंमत देऊन टेकडी राखा, वाटेल ती किंमत देऊन पूल घ्या. यांत ‘ल्युबोय’ आहे, म्हणजे प्रेमाच्या कुळांतला, पसंतीचा शब्द आहे. पण पसंती कोणाची? हुकूम देणाराला किंमत मोजावी लागत नाहीं, आणि ज्याला ती मोजावी लागते त्याला कोणी विचारलेलें नसतें. गळून पडलेल्या त्या चतुर्थीच्या पदाचा अभाव येथें जितका बोंचतो तितका दुसरीकडे कोठेंहि बोंचत नाहीं. आपणहि व्यवहारांत ‘वाटेल ती किंमत पडो’, ‘कोणत्याहि किमतीस’ असें सहज बोलून जातों. मुलानें वाटेल तें करून पहिला नंबर मिळविला पाहिजे, असें म्हणणाऱ्या वडिलांनीं ‘वाटेल’ कोणाला, आणि ‘तें’ कोणी करावयाचें, एवढें स्वतःशीं विचारून पाहावें.

कोणी असें म्हणेल कीं, रशियन भाषेंत इतके भेद आहेत म्हणून तिच्या बोलणारांना अधिक स्वातंत्र्य मिळालें कीं काय? तसें कांहीं नाहीं. झारांच्या अमलाखालीं हींच सर्वनामें होतीं आणि स्टालिनच्या अमलाखालींहि हींच होतीं. सर्वनामें कोणाला स्वातंत्र्य देत नाहींत. त्यांच्यामुळें एवढेंच होतें कीं, स्वातंत्र्य आहे, नाहीं, कीं तें असल्याचा नुसता देखावा आहे, हें सांगतांना शब्द कमी पडत नाहीं. मराठीपाशींहि शब्द कमी नाहींत. ‘कोणी तरी’, ‘कोणी एक’, ‘मिळेल तो’, ‘भेटेल तो’, ‘आवडेल तो’, ‘पाहिजे तो’, ‘कोणी कां असेना’, ‘जो उठतो तो’ ही आपलीच संपत्ति आहे. आपण घाईंत सर्वांच्या जागीं ‘कोणीहि’ आणि ‘वाटेल तो’ बसवितों आणि बाकीचें सुरावर सोंपवितों, इतकेंच.

घरांतल्या घरांत याचा उपयोग करून पाहण्यासारखा आहे. पाहुणे “कांहींहि चालेल” म्हणतात तेव्हां निवडीचा भार गृहिणीकडे परत येतो, हें प्रत्येक गृहिणी जाणते. त्याऐवजीं “चहा चालेल” हें दोन शब्दांचें उत्तर अधिक दयाळूपणाचें ठरतें. मुलगी मॅट्रिक झाल्यावर वडील “वाटेल त्या शाखेला जा” म्हणतात, तें ‘उगोद्नो’ आहे कीं ‘पोपालो’, हें त्यांच्या आवाजावरून तिनें ताडावें अशी वेळ तिच्यावर येऊं नये. “तुला आवडेल त्या शाखेला जा” असें म्हटलें कीं प्रश्नच मिटतो. मोकळीक देतांना ‘तुला’, ‘तिला’, ‘त्यांना’ हें गळालेलें पद पुन्हा वाक्यांत आणून बसवावें. आणि तें बसवितांना जीभ अडखळली, तर आपण मोकळीक देत नसून नुसता हात झटकीत आहों, असें ओळखावें.

‘वाटेल तो’ आणि ‘कोणीहि’ यांच्या जातीचे शब्द कोंकणांत, वऱ्हाडांत, खानदेशांत आणि बृहन्महाराष्ट्रांतील मराठी कुटुंबांत आणखीहि पुष्कळ असतील. घरच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यांत असे शब्द आढळले, तर ते कोणत्या प्रसंगीं आणि कोणत्या भावानें उच्चारले गेले, त्या तपशिलासह वाचकांनीं अवश्य लिहून पाठवावे. पुढें एखाद्या अंकांत त्यांचाहि असाच विचार करूं.